‘घरी पुस्तकं नव्हती’ या उत्तराचं काय करायचं?

शिक्षक आणि वाचन या विषयावर प्रस्ताव लिहायचं ठरवलंत की फार शोधाशोध न करता तुमच्या हाती एक शोधनिबंध येईल. अमेरिकेतला, २००४ सालचा, ‘द रीडिंग टीचर’ या नियतकालिकातला. लेखक अँथनी अ‍ॅपलगेट आणि मेरी डिकॉन्टी अ‍ॅपलगेट. नाव ‘द पीटर इफेक्ट’. तो सापडला की हायसं वाटतं, कारण प्रस्तावाला लागणारं सगळं त्यात आहे. लक्षात राहणारं नाव, आकडे, आणि शिक्षकाकडे बोट दाखवणारा निष्कर्ष. संबंधित साहित्याच्या आढाव्यातला एक परिच्छेद तिथल्या तिथे तयार होतो आणि गाईडही मान डोलावतात.

आज तोच निबंध जरा सावकाश वाचू या. तो टाकाऊ नाही, उलट खूप वाचला गेलेला आणि वाचावा असाच आहे. पण त्याच्या पोटात घराबद्दलचं एक गृहीतक आहे. ते आपण जसंच्या तसं उचललं, तर आपल्याकडच्या हजारो शिक्षकांबद्दल, आणि हा ब्लॉग वाचणाऱ्या तुमच्यातल्या अनेकांबद्दल, आपण प्रबंधात चुकीचं काहीतरी लिहून बसू.

निबंधात काय आहे ते आधी थोडक्यात. शिक्षक होण्यासाठी शिकत असलेल्या विद्यार्थ्यांना लेखकांनी प्रश्न विचारले. तुम्ही स्वतः किती वाचता, त्यात आनंद वाटतो का, लहानपणी वाचनाचा अनुभव कसा होता, अशा प्रकारचे. हे दोन टप्प्यांत झालं: आधी १९५ जण, मग १८४, एकूण ३७९. त्यातले सुमारे निम्मे ‘उत्साही वाचक नाहीत’ या गटात पडले. उद्या जे मुलांना वाचनाची गोडी लावणार, त्यांच्यातल्या निम्म्यांनाच ती नाही, अशी ही चिंता. चिंता खरी आहे. तुम्ही कुठल्याही डी.एड. किंवा बी.एड. कॉलेजात आठवडाभर बसलात तर तुम्हालाही ती वाटेल.

आता नाव. माझी पहिली हरकत नावावरच आहे. बायबलच्या नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ नावाचं पुस्तक आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात पेत्र आणि योहान मंदिराकडे निघालेले असतात. दाराशी जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस भीक मागत बसलेला असतो. तो यांच्याकडेही मागतो. पेत्र सांगतो की सोनं-रुपं माझ्यापाशी नाही. अ‍ॅपलगेट यांनी गोष्टीतलं एवढंच घेतलं: जे स्वतःपाशी नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. आपण म्हणतो ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तेच.

पण गोष्ट तिथे थांबत नाही. पेत्र पुढे सांगतो की माझ्यापाशी जे आहे ते तुला देतो, आणि त्या माणसाचा उजवा हात धरून त्याला उभं करतो. तो चालायला लागतो. म्हणजे मूळ गोष्टीत ‘नाही’ हे अर्धंच वाक्य आहे, आणि गोष्ट घडते ती उरलेल्या अर्ध्यात. मागणाऱ्याने जे मागितलं ते त्याला मिळत नाही, त्याने मनातही आणलं नव्हतं असं काहीतरी मिळतं.

हे मी धर्मचर्चा म्हणून सांगत नाही. संशोधनात नाव कशाला दिलं जातं त्यावरून पुढचे लोक काय शोधतील ते ठरत जातं. ‘काय नाही’ यावर उभं असलेलं नाव एकदा रुळलं, की प्रश्नावलीत ‘काय आहे’ याला रकानाच उरत नाही. आणि नाव घसरतंही. २०१२ साली अमेरिकेतल्याच काही संशोधकांनी ‘पीटर इफेक्ट’ हेच नाव वापरून शिक्षकांना शिकवणाऱ्या प्राध्यापकांचा अभ्यास केला. तिथे मुद्दा गोडीचा नव्हता, ज्ञानाचा होता: ध्वनी, अक्षर, शब्दाची घडण या गोष्टी शिक्षक-प्रशिक्षकांना स्वतःला किती माहीत आहेत. ज्ञान प्रशिक्षणाने देता येतं. लहानपण कोणाला परत देता येत नाही. नाव एक, पण गोष्टी दोन, आणि उपायही दोन. तुमच्या आढाव्यात हे दोन्ही निबंध एकाच वाक्यात, एकाच कंसात बसवलेत तर कोणी अडवणार नाही कदाचित, पण वाक्य खोटं ठरेल.

‘शिक्षकाचं लहानपण’ हा विषय अ‍ॅपलगेटच्या आधीपासूनचा आहे, हेही माहीत असू द्या. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाचं ‘स्कूलटीचर’ हे पुस्तक १९७५ चं. त्यातली ‘अप्रेंटिसशिप ऑफ ऑब्झर्व्हेशन’ ही कल्पना तुम्ही नेटच्या तयारीत पाठ केलेली असेल. मराठीत आपण तिला निरीक्षणातली उमेदवारी म्हणू. सुताराच्या हाताखाली पोरगा उमेदवारी करतो, तसा प्रत्येक शिक्षक आपल्या शाळकरी वयात, लॉर्टीच्या हिशेबाने जवळपास १३,००० तास, शिक्षकांना बघत बसलेला असतो. प्रशिक्षणाच्या एक-दोन वर्षांपेक्षा या तासांचं वजन जास्त. इथपर्यंत सगळे सांगतात. लॉर्टीचं पुढचं म्हणणं मात्र आढाव्यांतून गळून जातं. तो सांगतो की ही उमेदवारी अर्धीच असते. बाकावर बसलेल्या मुलाला गुरुजी काय करतात ते दिसतं, का करतात ते दिसत नाही. सुताराचा पोरगा उस्तादाला विचारू शकतो, हे लाकूड असं का कापलं? बाकावरचं पोर विचारत नाही. म्हणून मनात उरतात त्या लकबी, त्यामागचा विचार नाही.

आता वाचनाला हे लावून बघा. चौथी-पाचवीतलं ‘प्रकट वाचन’ तुम्हाला आठवत असेल. एकाने उभं राहायचं, धडा मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवायचं. वाचणारा अडखळला की गुरुजी थांबवणार. ‘पानी’ नाही, ‘पाणी’ म्हण. ‘व्हतं’ नाही, ‘होतं’. ज्या पोराच्या घरी ‘पाणी’ होतं ते सरळ शेवटापर्यंत जायचं. ज्याच्या घरी ‘पानी’ होतं त्याचा धडा दर ओळीला मोडायचा. त्या धड्यात काय होतं हे त्याला आठवणार तरी कसं? त्याला आठवतं ते कुठे थांबवलं ते. वर्गातल्या वाचनाचा उच्चाराशी असलेला हा संबंध जातीशी आणि प्रदेशाशी किती जवळून बांधलेला आहे, हे महाराष्ट्रात शाळा शिकलेल्याला वेगळं समजवायला नको. यातली दोन पोरं पुढे शिक्षक झाली असं धरा. एकजण वर्गात ‘पानी’वर लाल रेघ मारेल. दुसरा म्हणेल, आधी धडा संपू दे. दोघांचा अनुभव एकच. लॉर्टीच्या सिद्धांतावरून पहिला समजतो. दुसरा कुठून आला, हे त्यात सापडत नाही, आणि माझ्या मते खरा संशोधन-प्रश्न तो दुसरा आहे.

घराकडे येते. या सगळ्या अभ्यासांतून एका घराचं चित्र डोकावतं: रात्रीची वेळ, अंथरुणात मूल, शेजारी आई किंवा बाबा, हातात चित्रांचं पुस्तक. झोपताना वाचून दाखवलेली गोष्ट. ज्या घरात हे घडलं ते ‘वाचणारं घर’. शर्ली ब्राइस हीथ यांनी या चित्राला १९८० च्या दशकातच धक्का दिला होता. ‘वेज विथ वर्ड्स’ हे त्यांचं पुस्तक १९८३ चं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कॅरोलायना भागात, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या लोकांच्या दोन वस्त्यांत त्यांनी अनेक वर्षं काढली. पुस्तकात त्या वस्त्यांना त्यांनी रोडव्हिल आणि ट्रॅक्टन अशी नावं दिली आहेत. रोडव्हिल गोऱ्यांची वस्ती. तिथे आईवडील मुलांना पुस्तकं वाचून दाखवत, पण कसं? हे काय आहे, याचा रंग कोणता, बरोबर उत्तर दे. मुलं शाळेत पहिली काही वर्षं छान चालत आणि पुढे, जिथे स्वतःचं काही मांडायचं असे, तिथे मागे पडत. ट्रॅक्टन ही काळ्यांची वस्ती. तिथे झोपतानाची गोष्ट नव्हती. वाचन अंगणात, चारचौघांत चाले. पत्र आलं की ते मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येकाने त्यावर आपलं बोलायचं. एकटंच कोपऱ्यात वाचत बसणारा माणूस तिथे विचित्र वाटे. शाळेला ही मुलं ‘वाचनाची सवय नसलेली’ वाटली.

हीथ यांचं हे पुस्तक आपल्याकडे भाषाशिक्षणाच्या पेपरात दोन ओळींत उरकतात. ते एकदा पूर्ण वाचा. त्यातून हाती येणारी गोष्ट साधी आहे: घरात पुस्तक होतं की नव्हतं, यापेक्षा तिथे लिहिलेल्या शब्दाशी माणसं काय करत होती हे विचारावं लागतं.

मागच्या वर्षी एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंशी बोलत होते. वाचनाच्या प्रश्नावल्यांत हमखास असतो तो प्रश्न विचारला, लहानपणी घरी पुस्तकं होती का? एका शब्दात उत्तर, नाही. छापील फॉर्म असता तर शून्याला गोल करून पान उलटलं गेलं असतं. मग चहा आला, गावाकडचा विषय निघाला, श्रावण निघाला, आणि बाई म्हणाल्या, “आमचं आबा नवनाथ लावायचं की श्रावणात. आळीतल्या बाया यायच्या ऐकायला. आबांना दिसंना झालं तवा मीच वाचून दाखवायची, सातवीत होते मी.” मी म्हटलं, मग बाई, घरी पुस्तक होतं की! त्या हसल्या. “अहो ताई, ते पुस्तक नव्हं, पोथी ती.”

या एका वाक्यावर एखादा अख्खा प्रबंध उभा राहील. सातवीतली मुलगी रोज संध्याकाळी मोठ्या माणसांना ओवीबद्ध मजकूर वाचून दाखवते, तोही जुन्या मराठीतला, आणि पंचवीस वर्षांनी स्वतःला ‘न वाचणाऱ्या घरातली’ समजते. ही समजूत तिला कोणी दिली? घराने नक्कीच नाही. शाळेने दिली, मग कॉलेजने, आणि आता आपली प्रश्नावली देते आहे.

नवनाथ भक्तिसार, शिवलीलामृत, पांडवप्रताप, कुठे गुरुचरित्र, कुठे ज्ञानेश्वरीचं पारायण. बौद्ध वस्त्यांत वर्षावासात विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं सामूहिक वाचन. मुसलमान घरांत अर्थ कळण्याच्या आधी कुराण मोठ्याने म्हणायला शिकलेली मुलं. महाराष्ट्रातल्या घरांत लिहिलेला शब्द अनेक वाटांनी येतो, आणि यातली जवळजवळ प्रत्येक वाट एकजण वाचणार आणि बाकीचे ऐकणार अशी आहे. शिवाय रद्दी. ‘जिणं अमुचं’ लिहिणाऱ्या बेबी कांबळे यांनी किराणा बांधायला आणलेल्या वर्तमानपत्रांच्या कागदांतून वाचन केलं आणि आपलं लिखाण वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवलं. पुढे त्यांनी मुलांसाठी आश्रमशाळा चालवली. ‘लहानपणी आणि तरुणपणी घरी किती पुस्तकं होती’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर कोणत्या रकान्यात टाकाल?

इथे एक धोका आहे, आणि तुमच्यातले काहीजण आत्ताच त्यात पाय टाकायच्या बेतात असतील. ‘म्हणजे आपली परंपराच थोर, पोथी हीच खरी बालवाचनाची संस्कृती’ असा निष्कर्ष काढू नका. पोथी सगळ्यांच्या हाती नव्हती. तिला कोणी शिवायचं आणि कोणी नाही, बाईने महिन्यातल्या कोणत्या दिवसांत नाही, हे ठरलेलं होतं. आणि पोथी वाचण्याची एक शिस्त असते. मजकूर शुद्ध म्हणायचा, खंड पडू द्यायचा नाही, अध्याय पुरा करायचा, मजकुराशी वाद घालायचा नाही. आता ‘प्रकट वाचन’ पुन्हा आठवा. एकजण म्हणतो, बाकीचे ऐकतात, उच्चार शुद्ध हवा, धडा पुरा हवा, धड्याशी वाद नाही. घर आणि शाळा यांची इथे नीट गाठ बसते. कृष्ण कुमार यांनी १९८८ च्या एका निबंधात भारतातल्या ‘पाठ्यपुस्तक संस्कृती’चा उगम वसाहतकाळातल्या परीक्षा आणि नोकरशाहीत शोधला: शिक्षक कमी पगाराचा, अधिकार नसलेला, पुस्तक सरकारने नेमलेलं, परीक्षा बाहेरची. तो निबंध मला पटतो. पण एवढी उपरी गोष्ट गावोगाव इतक्या सहजपणे रुजली कशी, हे पाहायचं तर घरातल्या वाचनाकडेही बघावं लागेल असं मला वाटतं. पुस्तकासमोर मान लववून बसायची सवय शाळेने शून्यातून लावलेली नाही.

त्याच बाईंच्या वर्गात नंतर तासभर बसले. त्या दोन-तीन ओळी वाचत, थांबत, मग तेच मुलांच्या बोलीत सांगत. मुलं मधेच बोलत होती, बाई बोलू देत होत्या. पोथी सांगणारा ओवीनंतर अर्थ सांगतो, त्याची आठवण झाली मला. एका तासावरून काही ठरत नाही, आणि ठरवूही नये. पण ‘उत्साही वाचक’ आणि ‘निरुत्साही वाचक’ या दोन खणांत या बाई बसत नाहीत एवढं उघड होतं. त्या कादंबऱ्या वाचत नाहीत. सुट्टीत त्यांनी एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. अ‍ॅपलगेटच्या मोजपट्टीवर त्या बहुधा नापास होतील. आणि त्यांच्या वर्गातलं पोर धड्यावर बोलत होतं.

आता रचनेकडे येऊ, कारण आरआरसीसमोर तुम्हाला यावरच प्रश्न येतील.

या प्रकारच्या बहुतेक अभ्यासांत शिक्षकाला आज विचारतात, लहानपणी काय झालं? मग आजची वाचनाची आवड आणि सांगितलेलं लहानपण यांचा सहसंबंध काढतात आणि चर्चेच्या प्रकरणात तो हळूच कार्यकारणभाव होऊन बसतो. पण आठवण आज सांगितली जाते. ज्याला आज वाचायला आवडतं तो मागे वळून वाचनाच्याच खुणा शोधतो, त्याला सापडतातही. ज्याला आवडत नाही तो, बाईंसारखा, डोळ्यासमोरची पोथीसुद्धा मोजत नाही. म्हणजे लहानपणाने आजची आवड घडवली, की आजच्या ओळखीने लहानपण निवडलं? एकाच वेळी भरलेली एकच प्रश्नावली हे सांगू शकत नाही. शिवाय नमुन्यात फक्त शिक्षक झालेलेच असतात. त्याच घरातला, तीच पोथी ऐकलेला, पण शिक्षक न झालेला भाऊ त्यात कुठेच नसतो. मग ‘या अनुभवाने शिक्षक घडवला’ हे वाक्य कशाच्या जोरावर लिहायचं?

आठवणीला साचेही असतात. मराठीत शिक्षकाने आपलं बालपण सांगण्याचा एक फार जबरदस्त साचा ‘श्यामची आई’ने दिला. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं, पुस्तक आलं १९३५ मध्ये. त्याआधी अमळनेरच्या शाळेत त्यांनी काही वर्षं शिकवलं होतं आणि १९३० च्या सत्याग्रहासाठी ती नोकरी सोडली होती. म्हणजे पाहा, मुलांना शिकवून झालेला एक प्रौढ माणूस, तुरुंगात, आपल्या आईने आपल्याला कसं घडवलं ते आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री गोष्ट सांगतो आहे अशा रूपात लिहितो. पुस्तक म्हणून ते त्याच्या जागी आहे. पण नंतरच्या पिढ्यांतल्या शिक्षकांच्या मुलाखती ऐका, गौरवग्रंथ चाळा. गरिबी, कष्टाळू आई, एखादा करारी गुरुजी, आणि मग ‘म्हणून मी असा झालो’, ही चाल तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. ते खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. सांगायला त्यांच्यापाशी हीच चाल आहे. २०१४ च्या एनसीटीई नियमांनंतर दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये ‘मजकुराचं वाचन आणि चिंतन’ अशा अर्थाचा घटक आला. त्यात भावी शिक्षकांकडून वाचनाचं आत्मकथन लिहून घेतात. तुमच्यातले काहीजण तीच आत्मकथनं विदा म्हणून वापरणार आहात. वापरा, पण गुणांसाठी लिहिलेलं आत्मकथन आणि चहा पिताना निघालेली पोथी, या दोन गोष्टींना सारखं वजन देऊ नका.

आणि सगळंच बालपणावर टाकायचं का, हाही प्रश्न आहे. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत गोष्टीच्या पुस्तकांचं एक लोखंडी कपाट असतं आणि त्याला कुलूप असतं. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, ते उघडतं, फोटो निघतात, पुन्हा बंद होतं. ‘शिक्षकाला वाचनाची आवड नाही’ हे त्याचं सोपं स्पष्टीकरण. पण त्या कपाटातली पुस्तकं रजिस्टरवर असतात. तपासणीला आलेला अधिकारी पुस्तकं मोजतो. पुस्तक हरवलं, फाटलं तर जाब शिक्षकाला. एखादा शिक्षक स्वतः रात्री दोनपर्यंत वाचणारा असू दे, दुसरीच्या पोराच्या हाती ते पुस्तक घरी पाठवताना त्याचा हात थांबतो. इथे पेत्र नाही, लॉर्टी नाही, डेडस्टॉक रजिस्टर आहे. तुमच्या प्रस्तावात फक्त ‘शिक्षकाचे बालपणीचे वाचनानुभव’ आणि ‘वर्गातील वाचनपद्धती’ अशी दोनच चलं असली, तर हे कपाट कुठे दिसणार? आणि दिसलं नाही की शिफारशींच्या प्रकरणात तुम्ही लिहाल, शिक्षकांमध्ये वाचनसंस्कृती रुजवावी. अशा शिफारशी आपल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयात भिंतीएवढ्या आहेत.

हे एवढं लावून का धरते आहे मी? ‘घरी पुस्तकं नव्हती’ असं उत्तर आपल्याकडे कोण देतं ते बघा. घरातली शाळेत गेलेली पहिलीच पिढी. दलित, आदिवासी, भटक्या जमातींतून आलेले, शेतमजुरांची मुलं-मुली, जी डी.एड. करून आज शिक्षक झाली आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळा मोठ्या प्रमाणावर त्यांच्यावर चालतात. त्या उत्तराला शून्य गुण देणारी प्रश्नावली तयार झाली, की प्रबंध असं म्हणणार की समस्या या शिक्षकांच्या घरात आहे. संशोधनाच्या भाषेत सांगितल्यामुळे ते कोणाला टोचणारही नाही.

मग विचारायचं काय? ‘पुस्तकं होती का’ ऐवजी, घरात काहीही लिहिलेलं कोण वाचायचं, कधी, आणि बाकीचे तेव्हा काय करायचे? पत्र आलं, तलाठ्याचा कागद आला तर कोणाकडे न्यायचे? तुम्ही कोणाला काही वाचून दाखवलंय का? वाचताना कोणी थांबवलं होतं का, कशासाठी? पोथी, पंचांग, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, एसटीची पाटी, सगळं चालेल असं आधी सांगा, नाहीतर लोक स्वतःच गाळतात. तुमची मुलाखत प्रमाण मराठीत चालू असेल आणि समोरची व्यक्ती मधेच बोलीत गेली, तर तिथे घाईने पुढचा प्रश्न विचारू नका. आणि हे सगळं ऐकल्यावर त्यांच्या वर्गात बसा, एक दिवस नव्हे, जमेल तितके दिवस. आठवण आणि वर्ग यांचा मेळ बसत नाही तिथेच सहसा काहीतरी हाती लागतं.

आणखी एक करा. शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या. ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ त्यांनी निवृत्तीनंतर लिहिलं, पुस्तकरूपात ते १९८६ साली आलं. अनुताई वाघ यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आहे. लेखक पुढे प्राध्यापक झाले अशी दलित आत्मकथनंही बरीच आहेत. शाळा, घर आणि लिहिलेला शब्द यांच्याबद्दल या पुस्तकांत इतकं आहे की एखाद्या पायलट अभ्यासातही तेवढं मिळायचं नाही. साच्याचा आणि आठवणीचा वर काढलेला प्रश्न यांनाही विचारावा लागेल, पण ही माणसं निदान ठरलेल्या चालीवर बोलत नाहीत. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत ही पुस्तकं मला क्वचितच भेटली. तुमच्या विभागाच्या कपाटात ती नसतील. विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयात, मराठी साहित्याच्या रांगेत, ‘आत्मचरित्र’ या पाटीखाली बघा.